नागपूरकरांचा समुद्र

नागपूरच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी थट्टेचीच वाटेल. मुंबईकराच्या दारात समुद्र, रत्नागिरीकराच्या परसात समुद्र, पुणेकराने घाट उतरला की पुढे समुद्रच. आमच्या वाट्याला मात्र चहूंकडून शेकडो कोसांची जमीन आलेली आहे. देशाच्या मध्याची खूण म्हणून दाखविला जाणारा 'झिरो माइल'चा दगड आमच्याच शहरात उभा आहे. पाणी पाहण्याची हौस आम्ही अंबाझरीवर किंवा फुटाळ्यावर भागवितो, आणि वैशाखात तेही पाणी आटू लागले म्हणजे आभाळाकडे पाहतो.

परंतु इतिहास उघडला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे तब्बल बावन्न वर्षे, नागपूरला स्वतःचा समुद्र होता. तो कोकणचा नव्हे, पूर्वेचा. उत्तरेस सुवर्णरेखा नदीपासून दक्षिणेस चिल्का सरोवरापर्यंतचा ओडिशाचा किनारा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी ह्या नद्यांची मुखे, जगन्नाथपुरीची पुळण, चिल्क्याचे अफाट मचूळ पाणी, हे सारे त्या मुलखात येत होते. आज हाच किनारा पक्षी, डॉल्फिन आणि समुद्रकासवे पाहण्यासाठी देशोदेशींच्या लोकांना ओढून आणतो. तेव्हा मनात सहजच असा प्रश्न येतो की, ज्यांच्या मालकीचा हा किनारा होता, त्या आमच्या पूर्वजांनी तेथे काय पाहिले, आणि पाहावयाचे काय राहून गेले? गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघा स्नेह्यांसह त्या बाजूला जाऊन आलो. त्या प्रवासाने ह्या प्रश्नाला जी धार आली, तीच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम थोडा इतिहास. रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालवर चालून गेल्या. १७४४ त बंगालचा नवाब अलीवर्दी खान ह्याने भास्करपंतांना भेटीस बोलावून दगा दिला आणि ठार केले. त्यानंतर स्वाऱ्या चालूच राहिल्या, आणि अखेर १७५१ च्या तहाने नवाबाने बंगालच्या चौथाईदाखल दरसाल बारा लक्ष रुपये देण्याचे कबूल केले व ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे लावून दिला. आरंभी नवाबाची सत्ता नावापुरती राहिली. पुढे तीही उरली नाही. कटकास मराठ्यांचा सुभेदार बसू लागला. शिवभट साठे, भवानी पंडित, राजाराम पंडित ही त्यांतील ठळक नावे होत. बाराबाटीच्या किल्ल्यावर नागपूरचे निशाण फडकू लागले.

ह्या अमलाचे गुणदोष तेथील लोकांच्या स्मरणात अद्याप आहेत. पुरीच्या यात्रेची व देवस्थानची व्यवस्था मराठ्यांनी आस्थेने चालविली. कोणार्कच्या ओसाड पडलेल्या सूर्यमंदिरापुढील अरुणस्तंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याच काळात पुरीस आणून जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढे उभा करण्यात आला. तो आजही तेथे आहे. उलट पक्षी, आमच्या 'बारगीर' शब्दाचा 'बर्गी' झाला, आणि बंगालातल्या आया लेकरांना निजविताना त्या बर्गींची भीती घालू लागल्या. इतिहास लिहावयाचा तर दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत. एक गाळून दुसरी ठेवणे हा इतिहास नव्हे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. ह्या बावन्न वर्षांच्या कारभाराविषयी मराठी व इंग्रजी ग्रंथांतून जे काही आमच्या वाचनात आले, त्यात चौथाई आहे, यात्रेकरूंचा कर आहे, किनाऱ्यावर पिकणारे मीठ आहे, मांडलिक राजांच्या खंडण्या आहेत, कलकत्ता व मद्रास ह्यांच्या दरम्यान धावणाऱ्या इंग्रजांच्या डाकेला वाट द्यावी की न द्यावी ह्याची घासाघीस आहे. नाही तो फक्त तो किनारा. चिल्क्यावर हिवाळ्यात उतरणारे लक्षावधी पक्षी त्यात नाहीत. नद्यांच्या मुखाशी वाळूवर रात्रीच्या रात्री चढून येणारी कासवे त्यात नाहीत.

कोणी म्हणेल, अठराव्या शतकातल्या सुभेदाराकडून पाखरे मोजण्याची अपेक्षा करणे हा शुद्ध अन्याय आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु मराठ्यांच्याही आधी, त्या शतकाच्या अगदी आरंभी, अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश नाखवा ह्याच किनाऱ्याने गेला होता. तो काही सृष्टिशास्त्रज्ञ नव्हता, पोटापाण्यासाठी हिंडणारा व्यापारी होता. त्याच्या प्रवासवर्णनाचा ग्रंथ १७२७ साली प्रसिद्ध झाला. त्यात कनिका आणि बालेश्वर येथील नद्यांच्या दरम्यानच्या वाळवंटात अंडी घालण्यासाठी समुद्रकासवांचे प्रचंड थवे येतात, अशी नोंद त्याने जाता जाता करून ठेवली आहे. म्हणजे कासवे तेथे होती, आणि पाहणाऱ्याला ती दिसतही होती. अर्थात हॅमिल्टनची नजर तरी निर्लोभ होती असे समजण्याचे कारण नाही. त्या काळच्या खलाशाला कासव म्हणजे ताज्या मांसाची बेगमीच. पण त्याने पाहिले आणि लिहिले, इतके खरे.

पुढे १८०३ साल उजाडले. इंग्रजांशी युद्ध जुंपले, आणि कर्नल हारकोर्टची फौज गंजामाहून निघून चिल्का सरोवर व समुद्र ह्यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून पुरीकडे चालून आली. सप्टेंबरात पुरी गेली. ऑक्टोबरात बाराबाटीचा किल्ला पडला. आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी आमच्याच वऱ्हाडात, देवगावच्या तहावर रघूजी भोसले दुसरे ह्यांची मोहोर उठून नागपूरचा समुद्र नागपूरच्या हातून कायमचा सुटला. ज्या पट्टीवरून ती फौज आली, त्याच पट्टीच्या एका बाजूस पक्ष्यांचे सरोवर आणि दुसऱ्या बाजूस कासवांचा सागर आहे. तोफा ओढणाऱ्यांना ह्यांपैकी कशाकडे पाहण्यास सवड झाली असेल, असे वाटत नाही.

त्यानंतर पाहणारे आले, पण ते सावकाश आणि निरनिराळ्या हेतूंनी आले. अँड्र्यू स्टर्लिंग ह्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८२० च्या सुमारास ओडिशाचे भौगोलिक व ऐतिहासिक वर्णन तयार केले. १८८७ साली 'बंगाल नागपूर रेल्वे' कंपनी स्थापन झाली. १८९७ साली रेल्वेची शाखा पुरीपर्यंत पोचली, आणि चिल्क्याच्या अगदी काठाने जाणारी लोहमार्गाची रेघही पुढे ह्याच कंपनीच्या जाळ्यात आली. राज्य गेल्यावर शंभर वर्षांच्या आत नागपूरचे नाव असे पुन्हा त्या समुद्रावर गेले, पण ह्या खेपेस इंजिनावर आणि डब्यांवर लिहिलेले. त्या गाड्यांतून यात्रेकरू गेले, हवा पालटण्यास निघालेले बंगाली गृहस्थ गेले, आणि बंदुका घेऊन बदके मारण्यास निघालेले साहेब व संस्थानिकही गेले. १९१४ च्या सुमारास नेल्सन अ‍ॅनन्डेल आणि स्टॅन्ली केम्प ह्या दोघा प्राणिशास्त्रज्ञांनी चिल्क्यातील जीवांची पद्धतशीर पाहणी आरंभिली. हेच अ‍ॅनन्डेल १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक झाले. येणेप्रमाणे प्रथम पोट, मग कर, मग शिकार, आणि शेवटी शास्त्र, अशा पायऱ्यांनी माणसाची नजर ह्या किनाऱ्याकडे वळत गेली. ह्याच्याही पुढची पायरी आम्हांस पाहावयास मिळाली, ती मात्र ग्रंथात नव्हे, एका होडीत.

नागपूरहून रायपूरमार्गे आम्ही खुर्दा रोड जंक्शनास उतरलो आणि तेथून मोटारीने चिल्क्याच्या उत्तर काठावरील मंगलाजोडी ह्या गावी गेलो. चिल्का हे आशियातील मोठ्या खाऱ्या सरोवरांपैकी एक होय. उन्हाळ्यात त्याचा विस्तार नऊशे चौरस किलोमीटरांच्या आसपास असतो आणि पावसाळ्यात तो साडेअकराशेवर जातो. दर हिवाळ्यात उत्तरेकडून हिमालय ओलांडून येणारे पक्षी येथे उतरतात. अलीकडच्या गणतींत त्यांची संख्या अकरा लाखांच्याही वर गेलेली आहे. १९८१ साली रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून भारतातील ज्या दोन स्थळांची प्रथम नोंद झाली, त्यांत भरतपूरबरोबर चिल्का होते.

पहाटेच्या धुक्यात आमची सपाट बुडाची होडी बांबूच्या रेट्याने लव्हाळ्यांतून निघाली. नावाडी साठीच्या घरातला, अंगाने काटक होता. मागे बसून तो हलक्या हाताने बांबू टेकी, आणि बोट न दाखविता नुसत्या हनुवटीच्या इशाऱ्याने पक्षी दाखवी. तांबूस चक्रवाकांची जोडी, निमुळत्या शेपटीची तलवार बदके, फावड्यासारख्या चोचीचे थापटे, लांब गुलाबी पायांचे शेकाटे, चिखलात पावले मोजीत चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या. होडी चार हातांवर आली तरी त्यांतले पुष्कळसे उडेनात. पाळलेली नसलेली पाखरे माणसापासून इतकी निर्धास्त असलेली आम्ही पूर्वी कधी पाहिली नव्हती.

आम्ही कोठले, असे त्याने हिंदीत विचारले. आम्ही नागपूर म्हणताच तो किंचित हसला आणि म्हणाला, "म्हणजे बर्गींच्या गावचे!"

त्याच्या बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. गावातल्या गावात एखाद्याच्या आजोबांची खोड काढावी, तसा तो स्वर होता. तरी आमची मान क्षणभर खाली गेली. सवादोनशे वर्षांमागे गेलेले राज्य आपण पुस्तकात वाचतो, आणि ज्यांच्यावर ते झाले ते एका शब्दात जपून ठेवतात. काय बोलावे हे न सुचून आम्ही त्यालाच विचारले, "दादा, तुम्ही हे काम किती वर्षे करता?" तो म्हणाला, "नाव हाकणे जन्मापासून. पाखरे दाखविणे वीस-पंचवीस वर्षे. त्याच्या आधी पाखरे मारीत होतो."

मंगलाजोडीची ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. हे गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीबद्दल कुप्रसिद्ध होते. जाळी, विष, बंदूक, सर्व उपाय चालत, आणि हिवाळ्यात पोतीच्या पोती भरून पक्षी बाजारात जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पक्षी इतके घटले की, मारावयासही फारसे उरले नाहीत. तेव्हा, २००० सालच्या सुमारास, पर्यावरण-कार्यकर्त्यांनी समजूत घातल्यावरून ह्याच शिकाऱ्यांनी शस्त्रे टाकून 'श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती' स्थापन केली. काल पाखरांवर पाळत ठेवून मारणारे लोक आज त्यांच्यावर पाळत ठेवून राखणारे झाले. पक्षी परतले, त्यांच्या मागोमाग पाहणारे आले, आणि पाहणाऱ्यांकडून गावाला चार पैसे मिळू लागले. २०१८ साली जागतिक पर्यटन संघटनेने ह्या उपक्रमाला पारितोषिक देऊन गौरविले.

आम्हांस ह्यात विशेष वाटले ते असे. त्या नावाड्याचे ज्ञान नवे नव्हते. कोणते पाखरू कोणत्या चिखलात उतरते, कोणत्या वाऱ्याला उठते, कोणाची हाक धोक्याची आणि कोणाची सहज, हे सर्व त्याने मारण्यासाठीच शिकून ठेवलेले होते. बदलला तो फक्त त्या ज्ञानाचा उपयोग. ज्यांनी ह्या सरोवरावर सत्ता गाजविली त्यांना हे ज्ञान नव्हते, आणि ज्यांना ते होते त्यांना सत्ता कधीच नव्हती. किनाऱ्याचा खरा इतिहास अशाच लोकांपाशी असतो. परंतु तो विचारण्यास सहसा कोणी जात नाही.

चिल्क्यासंबंधी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नद्यांच्या गाळाने सरोवराचे समुद्राकडील तोंड बुजत चालले होते. पाण्याचा खारेपणा घटला, पाणवनस्पती माजली, मासळी कमी झाली. तेव्हा २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूची पट्टी कापून समुद्राला नवे तोंड करून देण्यात आले. समुद्राचे पाणी आत खेळू लागले, मासळी वाढली, आणि धोक्यातील पाणथळींच्या यादीतून चिल्क्याचे नाव २००२ साली काढले गेले. सातपाड्याहून होडीने गेलो असता त्या बाजूच्या खोल पाण्यात इरावती जातीचे डॉल्फिन आम्हांस दिसले. बोथट तोंडाचा, राखी पाठीचा तो प्राणी उसळी मारून करमणूक करीत नाही. पाठ तेवढी दाखवितो, श्वास सोडतो आणि दिसेनासा होतो. सबंध सरोवरात हे दीडशेच्या आसपास आहेत. बरोबरच्या होड्यांतले काही नावाडी इंजिने घोंघावीत त्यांच्या अगदी अंगावर जात होते, हे पाहून मात्र वाईट वाटले. पाहण्याच्या हौसेतही शिकारीचा एक अंश उरतोच.

आता कासवांविषयी. भितरकनिकाजवळील गहिरमाथा ही पुळण जुन्या कनिका संस्थानातली, आणि हे संस्थान मराठ्यांना खंडणी देणारे. पुढे त्या जमीनदारीत कासवांच्या अंड्यांवर चक्क कर घेतला जात असे. स्वातंत्र्यानंतरही परवाने देऊन होड्या भरभरून अंडी नेण्याची चाल राहिली. १९७४ साली मगरींच्या संवर्धनासाठी आलेले शास्त्रज्ञ रॉबर्ट बस्टर्ड ह्यांनी गहिरमाथ्याची ही पुळण पाहिली आणि जगातील समुद्रकासवांच्या सर्वांत मोठ्या विणीच्या जागांपैकी ही एक असल्याचे जगापुढे मांडले. तरीही पुढे काही वर्षे जिवंत कासवे रेल्वेने आणि मालमोटारींनी कलकत्त्याच्या बाजारात जातच होती. कायद्याची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा कोठे ती थांबली. १९९७ साली गहिरमाथा हे सागरी अभयारण्य झाले.

गहिरमाथ्यास हौशी प्रवाशाला सहसा जाता येत नाही. म्हणून आम्ही गंजाम जिल्ह्यातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी गेलो. हा भाग भोसल्यांच्या सरहद्दीपलीकडचा, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथील सामूहिक वीण शास्त्रज्ञांच्या लक्षात १९९४ साली आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ह्या एकाच किनाऱ्यावर सुमारे सात लाख माद्यांनी अंडी घातल्याचे जाहीर झाले. आम्ही दोन रात्री वाळूवर काढल्या. तो सोहळा आमच्या नशिबी नव्हता. दुसऱ्या रात्री एकच मादी पाण्यातून वर आली. तिने मागच्या वल्ह्यांनी खळगा खणला, अंडी घातली, वाळू लोटून अंगाच्या भाराने ती दाबून बसविली, आणि मागे एकदाही वळून न पाहता ती पाण्यात गेली. सकाळी त्याच पुळणीवर आम्हांस तीन मेलेली कासवे दिसली. अशी कासवे दरवर्षी ह्या किनाऱ्यावर हजारोंनी येऊन पडतात. यांत्रिक नौकांच्या जाळ्यांत अडकून, श्वास घेण्यासाठी वर येता न आल्याने ती गुदमरून मरतात. हे टाळण्यासाठी नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत विणीच्या किनाऱ्यांलगत मासेमारीस बंदी असते. म्हणजे कासव जगते त्याची किंमत कोणीतरी मोजतो, आणि तो कोणीतरी म्हणजे किनाऱ्यावरचा गरीब कोळी. आम्ही प्रवासी तिकिटाचे पैसे देऊन सृष्टिप्रेमी ठरतो, तो मात्र सात महिने जाळे गुंडाळून ठेवतो. ह्या हिशेबाची आठवण पाहणाऱ्याने ठेविली पाहिजे.

आमच्या कोकणातही हेच कासव येते. नाना फडणवीसांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' ह्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखण्याचे काम हाती घेतले. पुढे तेथे कासव महोत्सव भरू लागला. आणि मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालण्यास आली. तिच्या वल्ह्यावर धातूची खूणपट्टी होती, आणि ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बसविलेली होती. समुद्रमार्गाने हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते. तोपर्यंत ह्या दोन किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत, असा सर्वसाधारण समज होता.

ही बातमी वाचली तेव्हा आम्ही घरी नकाशा उघडून बसलो होतो. नागपूरचे भोसले आणि पुण्याचे पेशवे एका छत्राखालचे. पण त्यांचे आपसांत पटावे म्हणून किती वकील धावले आणि किती करारनामे लिहिले गेले! एकाचा समुद्र पूर्वेला, दुसऱ्याचा पश्चिमेला. ते दोन्ही समुद्र एकच आहेत ही गोष्ट त्या एका मुक्या प्राण्याने पोहत जाऊन दाखविली. दोन्ही राज्ये गेली. कासवांची ये-जा चालू आहे. ती पुढेही चालू राहावी की नाही, हे ठरविणे मात्र आता आमच्या पिढीच्या हातात आहे, आणि ह्या बाबतीत अज्ञानाची सबब आम्हांस सांगता येणार नाही. पूर्वजांना ठाऊक नव्हते. आम्हांस ठाऊक आहे.

मंगलाजोडीहून निघताना त्या नावाड्याने आम्हांस एक काळाभोर पाणपक्षी दाखविला होता. शुभ्र चोच, कपाळावर पांढरा टिळा. आमच्या स्नेह्याने त्याचे मराठी नाव 'वारकरी' असे सांगितले, तेव्हा त्या वृद्धाला मोठी मौज वाटली. जगन्नाथाच्या वाटेवर वारकरी भेटणारच, असे तो म्हणाला, आणि मग त्याने विचारले, "तुमच्या नागपुरास पाणी आहे ना? मग हा तेथेही असेल."

परत आल्यावर एका रविवारी मुलांना घेऊन आम्ही सकाळीच शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो. वारकरी तेथे होते. लहानसा थवा, काठापासून थोड्या अंतरावर, डुबक्या मारीत. ते दर हिवाळ्यात येत असले पाहिजेत. आम्ही ह्या शहरात आयुष्य काढले, त्या तलावाकाठून शेकडो वेळा गेलो, आणि ते आम्हांस त्या दिवशी प्रथमच दिसले.